छत्री ओली कशी झाली

बाईंच्या थोरल्या बहिणीला पत्ते खेळायला बाईंहून सोपा भिडू मिळाला नसता. ताई घरीच शिवणकाम करायची. रोज संध्याकाळी शिलाई मशीनवर कापड टाकून झालं की ती पत्त्यांचा जोड काढायची आणि तीन डावांत बाईंना लोळवायची.

"तुझ्या हातात राजा आला की तो आधी तुझ्या भुवईवर येऊन बसतो," ताई म्हणायची. "तुझे पत्ते बघायची मला गरजच काय?"

"लबाड आहेस."

"मी कसली लबाड? तूच सगळं सांगून टाकतेस. तोंड मिटून बसलीस तरी तुझा चेहरा बडबडतो, त्याला मी काय करू?"

बाई हसून पुन्हा पत्ते पिसायच्या. हरल्याचं त्यांना काही वाटत नसे. त्या दिवसभर जिंकून आलेल्या असत.

त्यांचं जिंकणं वेगळं होतं. ज्या मुलांना जन्मापासून ऐकू येत नाही, त्यातल्या काहींच्या कानात शस्त्रक्रिया करून मशीन बसवतात. एक भाग आत, एक भाग कानामागे, आणि डोक्याला चिकटणारी एक चकती. मशीन बसलं म्हणजे मूल ऐकायला लागलं, असं लोकांना वाटतं. चष्मा लावला की दिसतं, तसं. पण मशीन नुसता आवाज आत पोचवतं. तो दार आपटल्याचा आवाज की आईच्या हाकेचा, आणि हाक असेल तर आई काय म्हणाली, हे त्या मुलाला एकेक करून शिकावं लागतं. ते शिकवायची खोली बाईंकडे होती.

केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. भिंतींना जुने गालिचे ठोकलेले, खिडकीला दुहेरी पडदे, खुर्च्यांच्या पायांत चिरलेले रबरी चेंडू बसवलेले, म्हणजे खुर्ची सरकली तरी खरखर होऊ नये. नवीन माणूस आत आला की कारण नसताना कुजबुजायला लागायचा. बाई मग मोठ्याने म्हणायच्या, "बोला हो खणखणीत. इथे कुणी झोपलेलं नाही."

बावीस वर्षांपूर्वी त्या या केंद्रात नोंदवहीत नावं लिहायला लागल्या होत्या. ऐकण्याचा वर्ग घेणाऱ्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि डॉक्टर म्हणाले, "दोन महिने तुम्हीच सांभाळा. तुमचा आवाज चांगला आहे. गोष्टी सांगा पोरांना." त्या शिक्षिका परत आल्याच नाहीत. बाईंनी रात्रीचे वर्ग करून रीतसर प्रमाणपत्र मिळवलं आणि दोन महिन्यांची बावीस वर्षं झाली. मधल्या काळात आई गेली, लग्नाचं राहून गेलं, केस पांढरे झाले. या सगळ्याबद्दल कुणी हळहळायला लागलं की बाई भिंतीकडे बोट करायच्या. भिंतीवर एकतीस फोटो होते. एकतीस मुलं त्यांच्या हाताखालून ऐकायला शिकून साध्या शाळेत गेली होती.

साध्या शाळेत जायचं तर एक परीक्षा असे. बाई एक गोष्ट सांगायच्या. मुलाने ती आधी कधी ऐकलेली नसायची. मग दहा प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाला टेबलावर चार चित्रं. बरोबर चित्रावर बोट ठेवायचं. दहात आठ आली की पत्र मिळे: हे मूल बोललेलं ऐकून समजू शकतं, याला साध्या शाळेत घ्यावं.

ओठांच्या बाबतीत बाई फार कडक होत्या. ओठ दिसले की मूल ओठ वाचतं, ऐकत नाही. म्हणून गोष्ट सांगताना त्या तोंडासमोर चाळणी धरायच्या. चाळणी म्हणजे भरतकामाची लाकडी रिंग आणि तिच्यात ताणून बसवलेलं काळं विरळ कापड. ती ताईनेच करून दिली होती. आवाज आरपार जायचा, ओठ दिसायचे नाहीत. एखादी आई घरी चाळणीशिवाय सराव घेते असं कळलं की बाई तिला फैलावर घ्यायच्या. "ओठ दाखवून पास करायचंय का पोराला? ही फसवणूक आहे. मुलाचीही आणि तुमचीही."

परीक्षेची गोष्ट बावीस वर्षं एकच होती. कपाटात कुलूप लावून ठेवलेली.

एक बाई दुकानात गेली. तिने साबण घेतला. ती छत्री दुकानातच विसरली आणि घरी गेली. संध्याकाळी दुकानदाराने दुकान बंद केलं. बाहेर जोराचा पाऊस पडत होता. दुकानदाराचं घर लांब होतं. दुसऱ्या दिवशी ती बाई परत आली. दुकानदाराने तिला तिची छत्री दिली. छत्री ओली होती. बाई हसली.

पहिले नऊ प्रश्न सरळ होते. काय घेतलं, काय विसरली, घर कुठे होतं. दहावा प्रश्न मात्र असा: छत्री ओली कशी झाली? गोष्टीत ते कुठेच सांगितलेलं नाही. ऐकलेली दहा वाक्यं मनात एकमेकांना जोडावी लागतात, तेव्हा छत्री घेऊन पावसातून घरी जाणारा दुकानदार दिसतो. ज्या दिवशी मूल त्याच्या चित्रावर बोट ठेवतं त्या दिवशी त्याला नुसते शब्द ऐकू येत नाहीत, गोष्ट ऐकू येते, असं बाई मानत. एकतीसच्या एकतीस मुलांनी त्या चित्रावर बोट ठेवलं होतं.

बत्तिसावी होती भिंगरी.

तिचं खरं नाव नोंदवहीत होतं, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे भिंगरीच म्हणत. साडेसहा वर्षांची. आई दवाखान्याच्या चादरी धुणाऱ्या धुलाईखान्यात कामाला. बाप मालगाडीवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. आठवड्यातून तीनदा आई दुपारची पाळी बदलून पोरीला घेऊन दोन बस करून यायची. साडेतीन वर्षांत तिने एकही वार चुकवला नव्हता. घराजवळच्या साध्या शाळेत भिंगरीसाठी जागा होती. महिनाअखेरपर्यंत पत्र द्यायचं होतं. सातव्या वर्षानंतर शाळा पहिलीत घेत नसे. मग उरलं दूरचं वसतिगृह, जिथे मुलगी सुट्टीला तेवढी घरी येणार.

"बाई, ती तिकडे गेली तर माझं घर खायला उठेल," आई म्हणायची. "कसंही करा, पण हिला माझ्याजवळ राहू दे."

"कसंही कशाला? ती ऐकूनच पास होणार आहे," बाई म्हणायच्या.

आणि झालीच. सोमवारी परीक्षा झाली. दहात नऊ. सातवा प्रश्न तेवढा चुकला, कारण नेमका तेव्हा कुणीतरी दार उघडून आत डोकावलं होतं आणि बाईंनी मान वळवून त्याला हाताने हाकललं होतं. दहाव्या प्रश्नाला भिंगरीचं बोट आधी नळाच्या चित्रावर गेलं, क्षणभर तरंगलं, मग सरकत सरकत दुकानदारावर येऊन टेकलं. बाईंनी चाळणी खाली ठेवून तिला उचलूनच घेतलं. आई दाराशी उभी होती. तिने पदराने तोंड दाबून धरलं आणि तशीच रडली.

"रडताय काय, हसा की!" बाई म्हणाल्या.

"हसतेच आहे," आई म्हणाली.

पत्रावर डॉक्टरांची सही व्हायला दोन-चार दिवस लागणार होते.

दुसऱ्या दिवशी तारवाल्याने बाईंना खाली बोलावलं. तारवाला म्हणजे केंद्रातला मशीनं तपासणारा पोरगेला माणूस. गळ्यात कायम दोन-तीन वायरी, त्यामुळे हे नाव. केंद्राला मदत देणाऱ्यांनी परीक्षांचं चित्रीकरण मागितलं होतं, म्हणून यंदा पहिल्यांदाच त्याने बाईंच्या खोलीत कॅमेरा लावला होता.

"बाई, माझ्या हातून एक घोळ झालाय. रागावू नका."

"तुझे घोळ मोजायचे मी कधीच सोडून दिले. काय केलंस?"

"माइकची पिन सैल राहिली. चित्र आलंय, आवाज आलेला नाही. अख्खी परीक्षा मुकी."

"मग आता?"

"तेच तपासत बसलो होतो. तर एक गंमत झाली." तो खुर्चीत पुढे सरकला. "तुमची गोष्ट मला माहीत नाही. कपाटात कोंडून ठेवता तुम्ही ती. आवाज नाही म्हणजे प्रश्नही ऐकू येत नव्हते. नुसती समोर चार चित्रं आणि तुम्ही. मी म्हटलं, बघू तरी, आपण कितीत बसतो. प्रत्येक वेळी भिंगरीने बोट ठेवायच्या आधी चित्र थांबवलं आणि कागदावर माझं उत्तर लिहिलं."

"मग?"

"मीपण पास झालो, बाई. दहात नऊ." तो हसला. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्याचंही हसू अर्ध्यावर राहिलं.

"तुला गोष्ट कुणीतरी सांगितली असेल."

"नाही हो. हे बघा ना."

त्याने चित्रफीत लावली. पडद्यावर बाई होत्या. नाकाखाली काळी चाळणी, वर डोळे. बावीस वर्षांत बाईंनी स्वतःला काम करताना पाहिलं नव्हतं. प्रश्न विचारून झाला की पडद्यावरच्या बाईंचे डोळे चार चित्रांवरून फिरत आणि एकावर जाऊन थांबत. मुलीचं बोट दुसरीकडे निघालं की त्यांचे खांदे आखडत. बोट बरोबर चित्राच्या जवळ आलं की भुवया हळूच वर जात. दहाव्या प्रश्नाला भिंगरीचं बोट नळावर तरंगलं, तेव्हा ती चित्रांकडे बघतच नव्हती. ती बाईंकडे बघत होती. बोट सरकलं. भुवया वर गेल्या. बोट टेकलं.

"सातवा प्रश्न लाव," बाई म्हणाल्या.

सातव्या प्रश्नाला बाईंनी दाराकडे मान वळवलेली. मुलगी त्यांच्या वळलेल्या मानेकडे बघत बसलेली. मग तिने कुठेतरी बोट ठेवून दिलं.

"माझाही तोच चुकला," तारवाला हळू आवाजात म्हणाला.

बाई जिना चढून वर आल्या. खोलीत येऊन चाळणी हातात घेतली. चाळणीमुळे तोंड झाकलं जायचं, एवढंच त्यांनी बावीस वर्षं पाहिलं होतं.

बुधवारी भिंगरी आली तेव्हा बाईंनी आईला बाहेर बसवलं आणि तारवाल्याला मशीन तपासायला लावलं. मशीन उत्तम होतं. मग बाई भिंगरीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या पाठीमागून त्यांनी शब्द म्हटले. "चेंडू." "चेंडू," भिंगरी म्हणाली. "दार लाव." भिंगरीने उठून दार लावलं. "लाल पेन्सिल मला दे." दिली. बाईंच्या जिवात जीव आला. सगळं ऐकू येत होतं.

मग त्यांनी मागूनच छत्रीची गोष्ट सांगितली. दोनच दिवसांपूर्वी नऊ गुण घेतलेली, तीच.

पहिल्या प्रश्नालाच भिंगरी वळून मागे बघायला लागली. बाईंनी तिचं डोकं अलगद पुढे वळवलं. पुन्हा वळली. तिसऱ्या वेळी तिने खुर्चीच फिरवली. चेंडू बसवलेले असल्यामुळे आवाज झाला नाही. शेवटी बाई दप्तराच्या कपाटामागे जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून प्रश्न विचारले. तारवाला चित्रं मांडत होता आणि बाईंच्या सांगण्यावरून डोळे मिटून बसत होता.

दहात दोन.

"चार चित्रांतून न बघता बोट ठेवलं तरी दहात दोन-तीन बरोबर येतातच," तारवाला म्हणाला आणि आपण हे उगीच बोललो असं वाटून वायर गुंडाळायला लागला.

बाई कपाटामागून बाहेर आल्या आणि भिंगरीसमोर गुडघ्यावर बसल्या. "गोष्टीत काय झालं गं, बाळा?"

"साबण."

"आणि?"

भिंगरीने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. मग भिंगरी म्हणाली, "बाई हसली." आणि रडायला लागली.

बाहेर निघालेल्या तारवाल्याला बाईंनी विचारलं, "अरे, सगळं पोचतंय ना हिच्यापर्यंत?"

"पोचतंय की. एकेक आवाज पोचतोय. पोचल्यावर पुढे काय होतं, ते माझ्या मशीनला कळत नाही, बाई. ते तुमचं खातं."

महिना संपायला नऊ दिवस होते. बाईंनी आईला खरं काय ते सांगितलं नाही. पत्राला वेळ लागतोय म्हणाल्या आणि रोज बोलावलं. आईने दुपारची पाळी सोडून सगळ्या रात्रपाळ्या मागून घेतल्या. रोज बाई आणि भिंगरी भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी बसत. गोष्ट दोन वाक्यांची. मांजर टेबलावर चढलं. पेला फुटला. पेला कुणी फोडला? भिंगरी म्हणे, "पेला." पुन्हा. "टेबल." पुन्हा. गालिच्यात जणू उत्तर विणलंय अशी ती भिंतीकडे टक लावून बघे. पाचव्या दिवशी ती "मांजर" म्हणाली आणि बाईंच्या अंगावर काटा आला. सहाव्या दिवशी बाईंनी मांजराच्या जागी मुलगा घातला. मुलगा टेबलावर चढला. पेला फुटला. कुणी फोडला? "मांजर," भिंगरी म्हणाली आणि शाबासकीसाठी वळली.

त्याच दिवशी दुपारी मोठी आली. ती भिंतीवरचा पहिला फोटो. बाईंच्या हातून पास झालेली पहिली मुलगी, म्हणून तिला सगळे मोठी म्हणत. आता चोवीस वर्षांची, औषधाच्या बाटल्यांना लेबल लावायच्या कारखान्यात कामाला. मशीनची चकती बदलायला खाली आली होती, ती बाईंना भेटायला वर आली. नेहमी यायची. बाई नेहमी तिला समोर बसवून, तोंडाकडे बघत गप्पा मारायच्या आणि केंद्रात आलेल्या नव्या पालकांना दाखवायच्या: ही बघा.

आज बाईंनी विचारलं, "तुला छत्रीची गोष्ट आठवते का गं?"

"आठवते ना! दुकानदार." मोठीने हवेत चित्रावर बोट ठेवलं आणि हसली. "दहात दहा."

"तुला कसं कळलं होतं ते?"

मोठीने बाईंचा चेहरा नीट पाहिला. माणसांचे चेहरे पाहण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"खरं सांगू? रागावणार नाही ना?"

"नाही रागावणार."

"तुमच्या डोळ्यांत असायचं. तुम्ही बघायच्या तिकडे मी बोट ठेवायचे." ती घाईघाईने म्हणाली, "पण मी चोरी नव्हते करत हं, बाई. मला वाटायचं, यालाच ऐकणं म्हणतात. सगळे असंच ऐकतात."

बाईंनी टेबलावरची चाळणी उचलून बाजूला ठेवली.

"आणि शाळेत?"

"शाळेत बाई फळ्याकडे तोंड करून बोलायच्या. वळल्या तरी त्यांच्या डोळ्यांत काही नसायचं. चाळीस मुलं, त्या कुणाकुणाकडे बघणार? मी वह्या उतरवून घ्यायचे. आठवीत सोडली."

"आठवीत? मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारायच्या, 'शाळा छान ना?' आणि तुमच्या भुवया अशा वर." मोठीने स्वतःच्या भुवया वर करून दाखवल्या. अगदी हुबेहूब. "मग मी म्हणायचे, छान."

मग मोठीनेच विचारलं, "बाई, एक सांगा ना. ती छत्री ओली कशी झाली होती?"

बाईंनी सांगितलं. चाळणी न धरता, समोरासमोर, सावकाश. दुकान बंद झालं, पाऊस होता, घर लांब होतं, छत्री हाताशी होती.

मोठीचा चेहरा उजळला. ती खो खो हसली. "असं होय! म्हणजे वापरली त्याने! आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप देऊन टाकली!" मग हसता हसता ती म्हणाली, "एवढंच होतं?"

"एवढंच होतं," बाई म्हणाल्या.

ती गेल्यावर बाईंनी एकतीस फोटो ओळीने बघितले. त्यातल्या किती जणांची शाळा "छान" होती, हे विचारायला त्या कुणाला चेहरा दाखवणार होत्या?

महिन्याच्या अखेरच्या दिवशी त्यांनी भिंगरीच्या आईला खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं. मुकी चित्रफीत, कपाट, मांजर, मोठी. आई मान हलवत ऐकत राहिली. हात मांडीवर, सोड्याने फाटलेले.

"मग पत्र?" ती म्हणाली.

"मी नऊ लिहू शकत नाही. दोन आहेत."

"त्या सोमवारी नऊ होते."

"ते माझे नऊ होते. तिचे नव्हते."

"असू देत की तुमचे!" आईचा आवाज चढला. "कुणाला कळणार आहे? तुम्ही, मी आणि तो तारवाला. बाई, मी तुमच्या पाया पडते."

"आणि शाळेत गेल्यावर? चाळीस मुलांत ती कुणाच्या डोळ्यांत बघेल?"

"बघेल कुणाच्या तरी! घरी तरी येईल ना संध्याकाळी? तुमचं चाळणीचं खरं-खोटं तुमच्यापाशी ठेवा. मला माझी पोर हवी." ती उभी राहिली. "साडेतीन वर्षं सांगत होतात, घरी चाळणी धरा, ओठ झाका, फसवणूक करू नका. मी भाकरी थापताना हनुवटीला चाळणी बांधून बोलत होते हिच्याशी. शेजारी हसायचे. आणि आता सांगता, डोळे झाकायला हवे होते? ते तेव्हा नाही सुचलं तुम्हाला?"

"नाही सुचलं," बाई म्हणाल्या.

"मग त्याची शिक्षा तिला का?"

बाईंनी कागदावर दोन लिहिले आणि सही केली. आईने तो कागद घेतला नाही. भिंगरीच्या दंडाला धरून ती निघाली. भिंगरी जिना उतरेपर्यंत वळून वळून बाईंकडे बघत होती. बाईंना कळेना आपला चेहरा कसा ठेवावा.

त्या संध्याकाळी ताईने पत्ते वाटले. पहिला डाव बाई जिंकल्या. दुसराही. ताईने पत्ते खाली ठेवले.

"आज काय झालंय तुला? तुझ्या तोंडावर काहीच दिसत नाही."

"तेच शिकतेय," बाई म्हणाल्या.

"आयुष्यात पहिल्यांदा जिंकलीस. जरा हस तरी."

बाईंनी पत्ते गोळा करून डबीत भरले. त्यानंतर त्या घरात पत्ते निघाले नाहीत.

वर्ग चालूच राहिला. बाईंनी डॉक्टरांना सगळं लिहून दिलं. डॉक्टर म्हणाले, "इतकं मनाला लावून घेऊ नका. पुढच्यांना मागून तपासा." पुढची मुलं त्या मागून तपासू लागल्या. दोन महिन्यांत एकही पास झालं नाही. पालक कुरकुरू लागले, दोन जण सोडून गेले. फोटो काढायला बाई एकदा स्टुलावर चढल्या होत्या, पण पहिल्याच खिळ्याशी हात थांबला आणि त्या तशाच खाली उतरल्या.

असंच एका दुपारी औषधाच्या दुकानासमोर त्यांना भिंगरी भेटली. आईचं बोट धरलेलं, अंगात साध्या शाळेचा गणवेश, नवा, एक माप मोठा. बाईंची पावलं थबकली. आईनेही पाहिलं. वळून जावं की नाही असं तिच्या मनात क्षणभर आलं असावं. मग ती थांबली.

"नदीपलीकडच्या केंद्रात नेलं," आई म्हणाली. आवाजात ना राग, ना लोभ. "पत्राची तारीख टळून गेली होती. पण शाळेने सांभाळून घेतलं. पंधरा दिवसांत पास झाली. दहात नऊ."

"तिथेही चाळणी आहे?"

"आहे की. तुमच्यापेक्षा मोठी." आईने भिंगरीची कॉलर सरळ केली. "त्या बाईपण फार प्रेमळ आहेत."

बाईंनी मान डोलावली. त्या वाकल्या आणि भिंगरीच्या कानामागच्या मशीनचा लुकलुकणारा दिवा पाहिला. चालू होता. भिंगरी त्यांच्याकडे बघून तोंडभर हसत होती.

"शाळेत बाईंनी आज कुठली गोष्ट सांगितली, भिंगरी?"

भिंगरीने बाईंच्या डोळ्यांत पाहिलं, उजव्या, डाव्या, पुन्हा उजव्या. वाट बघत राहिली. तिच्या हाताचं बोट आपोआप पुढे आलं होतं.

बाईंनी नजर खाली वळवली.

भिंगरीनेही लगेच खाली पाहिलं. मग आईचं बोट सोडून ती उकिडवी बसली आणि बाईंच्या पावलांपाशी, रस्त्याच्या धुळीत, नीट निरखून शोधू लागली.